साठ कोऱ्या पावत्या

सकाळी आठला ती ऑफिसचं कुलूप काढायची, आधी खिडक्या उघडायची, मग झाडू हातात घ्यायची. जन्म-मृत्यू नोंदणीचं सरकारी ऑफिस. तीन खोल्या, चार टेबलं, सहा लोखंडी कपाटं, लोकांनी रांगेत उभं राहावं म्हणून एक लाकडी कठडा आणि कठड्याच्या टोकाला जाळीची खिडकी. जाळीला खाली अर्धगोल भोक. गावातली माणसं त्या भोकातून कागदावर जन्माला यायची आणि त्याच भोकातून मरायची. टेबलांखाली टाचण्या सांडलेल्या असायच्या. त्या ती एकेक वेचून डबीत टाकायची. टाचणी फेकायची नाही, सरकारी मालमत्ता आहे, असं म्हाताऱ्या कारकूनकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मालमत्तेचंच बोलायचं तर त्या टाचण्या ज्या फरशीवर पडायच्या ती फरशी तिची होती. भिंती तिच्या. जाळीची चौकट तिच्या नवऱ्यानं सुताराच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतलेली. ती या दुमजली घराची मालकीण होती, आणि गेली पाच वर्षं आपल्याच भाडेकरूची फरशी झाडत होती.

हे झालं कसं, ते आधी सांगायला हवं.

नवरा मोटारी वायंड करायचा. जळालेला पंप, जळालेला पंखा, गिरणीची बंद पडलेली मोटर, सगळं त्याच्याकडे यायचं. तांब्याच्या तारेचे वेढे घालून घालून त्याच्या बोटांना खाचा पडल्या होत्या आणि अंगाला कायम त्या तारांवर ओतायच्या वॉर्निशचा वास. लग्नानंतर पहिलं वर्षभर तिला त्या वासानं मळमळायचं. नंतर त्या वासाशिवाय झोप येईना. त्या बोटांनीच त्यानं घर उभं केलं, वर दोघं राहिली आणि खालचा मजला सरकारला भाड्यानं दिला. लोक म्हणाले, दुकानदाराला दे, चार पैसे जास्त येतील. तो म्हणायचा, सरकारच बरं. सरकार मरत नाही, पळून जात नाही आणि दारू पिऊन जिन्यात गाणी म्हणत नाही.

मूलबाळ झालं नाही. मग एक दिवस त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दोनेक महिने अंथरुणात काढून तो गेला.

तेराव्या दिवसाची वाट न बघता धाकटा दीर बायकोला घेऊन आला. वहिनी एकटी कशी राहणार, घरात पुरुष माणूस नको का. आला तेव्हा दोन ट्रंका होत्या. आठवड्यानं पलंग आला, महिन्याभरात कपाट आलं. पलंग मोठ्या खोलीत लागला तशी ती मधल्या खोलीत सरकली. मधल्या खोलीत कपाट आलं तशी ती जिन्याच्या वरच्या वळणावर सरकली, पाण्याच्या टाकीशेजारी. आयत्या बिळावर नागोबा, असं शेजारी म्हणायचे. पण हळू आवाजात. कारण नागोबा पुरुष होता, आणि विधवेच्या घरात पुरुष माणूस हवाच हे त्या शेजाऱ्यांनाही मान्य होतं.

भाड्याचं तिनं एकदाच विचारलं. दीर म्हणाला, मालक मेला की सरकार भाडं थांबवतं, सरकारी काम आणि सहा महिने थांब, इथं तर मालकच नाही. सहा महिन्यांची पाच वर्षं झाली. तोवर फुकट बसून खाण्यापेक्षा चार पैसे येतील म्हणून त्यानंच खालच्या कारकुनाला सांगून तिला हे झाडण्याचं काम मिळवून दिलं. पगार त्याच्या हातात जायचा. जाऊ जेवण वाढताना कधी बोलायची नाही, फक्त वाटी थोडी जोरात ठेवायची. ती वाटी ठेवल्याचा आवाज ऐकून ऐकून तिची भूक निम्मी झाली होती.

आता वासाचं.

दर महिन्याच्या एक तारखेला ऑफिसात वॉर्निशचा वास यायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा ती दुपारी माठात पाणी ओतत होती, तांब्या हातातून सुटला. मागे वळून बघितलं. कपाटं, टेबलं, मान खाली घालून लिहिणारे कारकूनकाका. बाकी कुणी नाही. पण वास होता. तो कामावरून आल्यावर दारात चपला काढताना यायचा तोच. दुसऱ्या दिवशी नव्हता. पुढच्या एक तारखेला पुन्हा. तिला वाटायचं, तो भाडं न्यायला येतोय. माणूस जातो, सवय जात नाही. मग ती एक तारखेला मुद्दाम फरशी दोनदा पुसायची, त्याच्या पायाला धूळ लागू नये म्हणून.

एकदा चूक केली. जावेला सांगितलं.

चार दिवसांत गल्लीभर झालं. वरच्या बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना मेलेल्या नवऱ्याचा वास येतो. दीर लोकांसमोर दुःखी तोंड करून म्हणायचा, सांभाळतोय, आपलंच माणूस. दूर कुठे तरी निराधार बायकांचं एक वसतिगृह होतं, तिथे म्हणे जेवण वेळेवर मिळतं, तिथला छापील अर्ज त्याच्या ट्रंकेत येऊन पडला होता. तो तिनं पाहिला होता. चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि पाच वर्षं रजिस्टरांवरची धूळ पुसता पुसता हाताचं अक्षरही वाचायला शिकली होती. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. वास आला तरी गप्प. पण मनात एक भीती बसली होती. वास दर महिन्याला थोडा फिका होत चालला होता. म्हणजे तो लांब चाललाय.

त्या एक तारखेला सकाळी जावेनं तिला चहा दिला. कान असलेल्या कपात.

पाच वर्षं ती कान तुटलेल्या कपात चहा प्यायली होती, त्यामुळे हा कप धरायचा कसा हेच तिला क्षणभर कळेना. शिवाय जाऊबाई म्हणाली, "ताई, साखर बघा हं, जास्त झाली असेल." पाच वर्षांत 'ताई' ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळी तिच्या कानातलं आणि शिलाई मशीन गेलं होतं.

मग दीर आला, समोर स्टुलावर बसला. संध्याकाळी एका कागदावर सही करायची आहे, असं म्हणाला. नियम बदललेत, ऑफिसात साहेबीण नवीन आलीय, भाड्याची फाईल आता हलेल, फक्त घरातल्या मोठ्या माणसाची, म्हणजे वहिनींची, सही लागेल. "वाचत नका बसू, सरकारी भाषा आहे, डोकं दुखेल. नुसती सही."

ती बरं म्हणाली आणि कपाच्या कानात बोट अडकवून बसून राहिली. वाईट वाटण्याऐवजी बरं वाटत होतं, हेच तिला लागलं. एक कप चहानं माणूस किती विरघळतं.

खाली कुलूप काढायला गेली तर कुलूप आधीच निघालेलं. कारकूनकाका लवकर आले होते. एक तारखेला ते असे अधूनमधून यायचे, लोक यायच्या आधी महिन्याची बिलं करून टाकायला. टेबलावर चष्मा होता, दिवा लागलेला होता, आणि मागच्या मोरीत पाण्याचा आवाज. हात धुवत असावेत.

आणि वास.

आज फिका नव्हता. नवरा खोलीत बसलाय इतका दाट. तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि वासाच्या मागे गेली, जसं आंधळं माणूस हाताच्या मागे जातं. वास टेबलावरून येत होता. टेबलावर, दिव्याखाली, पिवळं कापड उलगडून पडलं होतं. मोटारीच्या तारांच्या थरांमध्ये घालतात ते, वॉर्निश प्यालेलं, कडक, कडा करवतीसारख्या कापलेल्या. त्या कडा तिनंच कापल्या होत्या. करवतीच्या दातांच्या कात्रीनं, त्याच्या सांगण्यावरून.

कापडात एक पावती.

छापील. वरील जागेचे या महिन्याचे भाडे रोख मिळाले. महसुली तिकीट चिकटवलेलं, तिकिटावरून गेलेली सही. सहीची शाई तपकिरी झालेली, कागद पिवळा. आणि वर कोपऱ्यात तारीख. तारीख निळीशार, ओली. आजची.

तिचा हात तोंडावर गेला. पण ओरडली नाही. ओरडणाऱ्या बाईला काय म्हणतात ते तिला माहीत झालं होतं.

सगळं आठवलं. तो जायच्या आठ दिवस आधीची दुपार. सरकारात पद्धत अशी की आधी पावती, मग पैसे. पावतीवर तिकीट लावून सही दिली की मग बिल पुढे सरकतं. दर महिन्याला तो खाली जाऊन सही करायचा. आता अंथरुणातून उठवत नव्हतं. मी गेल्यावर तुला खाली जायला नको, चारचौघांत त्या खिडकीशी उभं राहायला नको, असं त्याचं म्हणणं. बाईमाणसानं कचेरीची पायरी चढू नये हे त्याच्याही डोक्यात होतंच, तो काही आभाळातून पडलेला नव्हता. म्हणून त्यानं साठ छापील पावत्या मागवल्या आणि तिकिटांचा अख्खा कागद. तारखेची जागा कोरी ठेवून साठ सह्या केल्या. काका महिन्याला एक काढतील, तारीख घालतील, पैसे वर पाठवतील. पाच वर्षं बघायला नको.

फळी तिनं धरली होती. तिकिटं तिनं चिकटवली होती, जिभेनं. तिसाव्या तिकिटाला जीभ कोरडी पडली तेव्हा तो वाकड्या तोंडानं हसून म्हणाला होता, "सगळी थुंकी सरकारला देऊ नकोस. थोडी भांडायला ठेव."

पन्नासाव्या सहीनंतर त्याचा हात घसरायला लागला. सहीची शेपटी जिना उतरल्यासारखी खाली. शेवटची सही होईचना. मग तिनं त्याचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून ती केली. ही तीच होती. शेपटी घसरलेली नाही, कारण शेपटीच्या जागी तिचा हात होता.

गठ्ठा पिवळ्या कापडात बांधून, भेटायला आलेल्या धाकट्या भावाच्या हाती खाली पाठवला. नवरा गेल्यावर हेच भाऊजी म्हणाले होते, मेलेल्या माणसाच्या सहीला काय किंमत, वहिनी, काकांनी त्या फाडून टाकल्या.

कारकूनकाका हात पुसत आले आणि दारात थबकले. पाच वर्षं त्यांनी ते कापड खालच्या खणात कुलपात ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी दोन मिनिटं उघडं राहिलं.

"किती राहिल्या, काका?" तिनं विचारलं.

ते खरं बोलले. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण. "ही शेवटची."

मग ते भडाभडा सांगू लागले. एक पै खाल्ली नाही. दर महिन्याला तुमच्या दिराच्या हातात मोजून दिले. नोकरीला लागल्यापासून असंच करत आलोय, बाईच्या नावचं काही असलं तर घरातल्या पुरुषाला बोलावायचं, त्यांनी कुठं यायचं कचेरीत. दिरानं सांगितलं, वहिनी म्हणतात तुम्हीच घ्या. मी विचारायला वर कसा येणार, एकट्या बाईच्या घरी?

"मी रोज खाली येत होते," ती म्हणाली. "तुमच्या पायाखालचं झाडत होते."

काकांनी कोरडे हात पुन्हा पुसले.

"यांची नोंद कुठल्या वहीत आहे?"

हा प्रश्न त्यांना दिवसातून पन्नासदा विचारला जायचा, त्यामुळे डोकं चालायच्या आधी हात चालला. तिसरं कपाट, दुसरा खण, पाच वर्षांपूर्वीचं रजिस्टर. पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं, नेहमीसारखं बोट ओळीवर ठेवलं. नाव. वय. धंदा, मोटर वायंडिंग. मृत्यूची तारीख. अक्षर त्यांचंच, टपोरं, सुबक. शेजारी, पिवळ्या कापडात, त्याच माणसाची पावती. आजची तारीख. अक्षर त्यांचंच, टपोरं, सुबक.

काकांचं बोट ओळीवरून हलेना. मग ते हळूहळू खुर्चीत बसले, जिना चढून आल्यासारखे.

ती वर गेली. कुणाला काही बोलली नाही. दिवसभर जिन्याच्या वळणावर बसून राहिली आणि पाच वर्षं पुन्हा जेवली. एकेक ताट. एकेक आपटलेली वाटी. जे अन्न उपकाराचं म्हणून मान खाली घालून गिळलं ते तिच्याच घराच्या भाड्याचं होतं. तिला कुणी पोसत नव्हतं, तीच पोसत होती. पलंग तिच्या पैशाचा, कपाट तिच्या पैशाचं. आणि हे सगळं चालत होतं तिच्या नवऱ्याच्या सहीवर, तिच्या थुंकीनं चिकटलेल्या तिकिटांवर. तो दर एक तारखेला येत होता हे खोटं नव्हतंच. त्याला यावं लागत होतं. हाताला धरून आणत होते त्याला, सही करायला लावत होते आणि पुन्हा खणात बंद करत होते.

संध्याकाळी दीर कागद घेऊन आला. पेनही नवीन आणलं होतं.

तिनं कागद वाचला. हळूहळू, बोट ठेवून. माझ्या मालकीच्या जागेचे आजवरचे सर्व भाडे मला मिळाले असून माझी काही तक्रार नाही. यापुढील भाडे माझ्या वतीने माझे दीर स्वीकारतील. खाली सहीची जागा.

"वाचू नका म्हटलं ना," तो म्हणाला.

"पावत्या संपल्या म्हणून आता मी का?"

जाऊ आत भांडी घासत होती, ती थांबली. नळ तसाच वाहत राहिला.

दिरानं आधी हसून पाहिलं. मग घर चालवायला पैसे लागतात म्हणाला. मग आवाज चढवला. आणि शेवटी त्यानं जे काढलं ते त्यानं बहुतेक बऱ्याच दिवसांपासून राखून ठेवलं असावं. "बोभाटा करा खुशाल. साठ कोऱ्या पावत्यांवर सह्या कुणी केल्या? दादानं. तिकिटं कुणी चिकटवली? तुम्ही. मेल्यावर दादाला चोर ठरवणार आहात? आणि ऐकणार कोण तुमचं? ज्या बाईला मेलेल्या नवऱ्याचे वास येतात तिचं?"

हा घाव बरोबर बसला. चोर. त्या माणसानं आयुष्यात कुणाच्या मोटारीतली वीतभर तार जास्त लावली नव्हती. उद्या त्याचं नाव चौकशीत येणार, लोक म्हणणार, बघा, मरताना पण सरकारला फसवून गेला. ती बराच वेळ त्या पेनाकडे बघत बसली. सही केली तर तो तसाच राहील, चांगला माणूस, खणात. नाही केली तर त्याला चव्हाट्यावर आणावं लागेल, आणि आपल्याच हातानं.

"त्यांची अब्रू मी पाच वर्षं जिन्यात झोपून सांभाळली, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "आता थोडी माझी त्यांना सांभाळू दे."

पेन तिनं परत दिलं. टोपण लावून.

त्या दिवशी ताट आलं नाही. ते ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं झाडलं नाही. कुलूप काढलं, किल्ली काकांच्या टेबलावर ठेवली, बाहेर आली आणि कठड्याच्या टोकाला रांगेत उभी राहिली. पुढे दोन बाळांचे बाप आणि आईचा दाखला काढायला आलेली एक बाई. पाच वर्षं तिनं हा कठडा पुसला होता, पण त्याच्या या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. लाकूड या बाजूनं माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं होतं. नंबर आल्यावर तिनं भोकातून नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज आत सरकवला. काकांनी फी घेतली. पावतीही दिली.

दाखला घेऊन ती आतल्या खोलीत मॅडमकडे गेली. नवीन साहेबीण, वयानं तिच्यापेक्षा लहान, बदलून येऊन तीन महिने झालेले. तिनं दाखला ठेवला आणि म्हणाली की भाड्याच्या फाईलमधल्या पावत्या बघा. दोन्हीवरच्या तारखा बघा.

मॅडमनी फाईल मागवली. बघत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी दार लावून घेतलं, तिला बसायला सांगितलं आणि अगदी मऊ आवाजात बोलल्या. बाई चांगली होती. पण चांगल्या माणसालाही स्वतःची कातडी असते. त्यांचं म्हणणं असं की या महिन्यापासून भाडं तुमच्या नावानं चालू करते, आठ दिवसांत, मी स्वतः बघते. बायको पहिली वारस, त्यात कुणाची परवानगी लागत नाही, दिराची तर नाहीच. मागचं मात्र सोडून द्या. "पावत्या पुऱ्या आहेत, ताई. सरकारच्या कागदावर भाडं दिलेलं आहे. ते उकरलं तर काकांची पेन्शन जाईल. आणि खरं सांगते, शेवटच्या तीन बिलांवर माझीही सही आहे."

किती सोपं होतं. पुढचं सगळं मिळत होतं. काकांचं म्हातारपण वाचत होतं, नवऱ्याचं नाव वाचत होतं, या पोरीची नोकरी वाचत होती. फक्त तिची पाच वर्षं जात होती. आणि ती तर गेलेलीच होती, नाही का? अशा वेळी शहाणी बाई काय करते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपणच शिकवलंय तिला.

"मॅडम, ज्याला द्यायचं त्याला दिलं नाही, म्हणजे दिलंच नाही ना?"

मॅडमनी फाईल मिटली.

"तुमच्या कागदावर ते मेलेत. तुमच्याच कागदावर ते पाच वर्षं भाडं घेतायत. आणि मी जिवंत असून तुमच्या एकाही कागदावर नाही. झाडूवालीच्या पगारपत्रकावर आहे, तिथंही अंगठा आहे, दिरानं सांगितलं होतं की हिला लिहिता येत नाही म्हणून." तिनं पिशवीतून दुमडलेला कागद काढला. रात्री जिन्यातल्या बल्बखाली लिहिलेला, अक्षर वेडंवाकडं, पण ओळी सरळ. साठ महिन्यांच्या भाड्याची मागणी. त्यात तिनं हेही लिहिलं होतं की कोऱ्या पावत्या माझ्या पतीनं केल्या व तिकिटं मी लावली, ती आमची चूक, पण पैसे मिळालेले नाहीत. "हा घ्या आणि मिळाल्याची सही मला द्या. सही घेतल्याशिवाय मी उठणार नाही. सरकारातच शिकले हे."

मॅडमनी कागद वाचला. मग शिक्का उचलला.

पुढे जे झालं ते गोष्टीत होतं तसं झटपट झालं नाही. चौकशी लागली, माणसं आली, तिला तेच तेच विचारून गेली. आधीच पावतीवर सही का केली, असं एकानं दरडावून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तुमच्यातच तशी पद्धत आहे, मला काय विचारता. दीर दोन ट्रंका घेऊन आला होता, चौकशीत नाव आल्यावर घर सोडून गेला तेव्हा टेम्पो लागला. शेजारी आता मोठ्यानं म्हणू लागले की आम्हाला आधीपासून माहीत होतं. हे तिला नागोबापेक्षा जास्त लागलं. माहीत होतं, तर पाच वर्षं कुठं होतात? हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नाही. तो इथे विचारून ठेवतो, कारण तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, तिच्या वतीनं कुणीतरी सही करत असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल.

महिनाभरानं, एक तारखेला, कारकूनकाका जिना चढून वर आले. सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच. त्यांची चौकशी अजून संपलेली नव्हती, खुर्ची गेली होती, कोपऱ्यातलं एक टेबल उरलं होतं. दम लागला होता. हातात छापील पावती, वर तिकीट लावलेलं, आणि सवयीनं त्यांनी आधी तीच पुढे केली.

तिनं हात मागे घेतला.

"आधी भाडं, काका. मग सही."

ते क्षणभर गोंधळले, मग खिशातून भाड्याचं पाकीट काढून दिलं. तिनं सही केली. आपल्या नावाची. पावतीवरची पहिलीच असल्यामुळे शेपटी कुठे वळवायची ते तिला कळेना, म्हणून सरळच ठेवली. मागच्या साठ महिन्यांचं काय, विचारलं. फाईल वर गेलीय, असं काका म्हणाले. किती दिवस लागतील? ते कसं सांगणार, बाई, सरकार आहे.

"सरकार मरत नाही, असं हे म्हणायचे," ती म्हणाली. "बघू. मीही अजून मेलेले नाही."

काका वळले आणि पुन्हा थांबले. बगलेतून काहीतरी काढून त्यांनी जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. पिवळं कापड. चौकशीवाल्यांनी पावत्या नेल्या, हे काही कामाचं नाही म्हणून टाकून दिलं होतं.

ते गेल्यावर तिनं ते उचललं, नाकाशी धरलं. नुसत्या लोखंडी खणाचा वास. शाईचा, गंजाचा. वॉर्निश नाही. पुन्हा एकदा धरलं. नाही.

त्याला आता एक तारखेला कुणी बोलावत नव्हतं. पाच वर्षं आणि एक महिन्यानंतर तो मेला होता, आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, कुणी बघतंय का याची पर्वा न करता, पहिल्यांदा मोकळं रडली. मग डोळे पुसले. शिक्का मारलेली मागणीची प्रत त्या कापडात नीट गुंडाळली आणि दारामागच्या खिळ्याला, रोज दिसेल अशी, टांगून ठेवली.